अफूची नोंदवही

लखनौचे आलमबाग हे नाव इतिहासाच्या वाचकाला १८५७ मुळे ठाऊक असते. नवाब वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी बांधलेली येथील कोठी आणि भोवतालची बाग त्या वर्षी लढाईचे ठाणे झाली. जनरल हॅवलॉकचे दफन येथेच झाले आणि नोव्हेंबर १८५७ ते मार्च १८५८ या काळात औट्रमने येथेच तळ धरून ठेवला. पुढे रेल्वेचे कारखाने आले, फाळणीनंतर पंजाबातून आलेली कुटुंबे वसली, आणि २०१७ पासून मेट्रोही धावू लागली. नोकरीच्या निमित्ताने सध्या माझा मुक्काम याच वस्तीत आहे.

ज्या वर्षी या बागेत तोफा चालत होत्या, त्याच वर्षी कलकत्त्यात बसलेल्या सरकारने १८५७ चा तेरावा कायदा संमत केला. त्याचा बंडाशी काही संबंध नव्हता; तो अफूच्या लागवडीचा कायदा होता. राज्य हातचे जाते की काय अशी अवस्था असतानाही महसुलाच्या या साधनाची घडी नीट बसवण्यास सरकारला सवड मिळाली, यावरून अफूचे महत्त्व ध्यानी यावे. शेतकऱ्याने कोणाच्या परवान्याने खसखशीचे पीक घ्यावे, आगाऊ रक्कम कोणी द्यावी, चीक कोणास विकावा, हे सारे त्या कायद्यात आहे. अफू खाणाऱ्या माणसाविषयी मात्र त्यात काहीच नाही.

या लेखाचा विषय तोच माणूस आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत राज्यसंस्थेने त्याचे नाव कोणत्या वहीत लिहिले, आणि प्रत्येक वहीबरोबर समाजाने त्याच्याकडे पाहण्याची नजर कशी बदलत गेली, एवढेच येथे मांडावयाचे आहे. प्रशासनात ज्यांनी आयुष्य घालवले त्यांना हे ठाऊक असते की नागरिकाचे भवितव्य पुष्कळदा तो कोणत्या रजिस्टरात आहे यावर ठरते.

पहिली वही महसुलाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकूण उत्पन्नात अफूचा वाटा सुमारे सहाव्या ते सातव्या हिश्श्याएवढा होता. बिहार आणि बनारस या दोन एजन्सींच्या मुलखात सरकारची मक्तेदारी होती. गाझीपूरचा अफूचा कारखाना १८२० पासूनचा असून औषधी वापराच्या अफूसाठी तो आजही चालू आहे. माळव्याची अफू संस्थानी मुलखातून मुंबई बंदरात येई आणि सरकार तिच्यावर पासाचे शुल्क घेई. या व्यापारात मुंबईच्या कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा, म्हणजे अफूचाही, मोठा भाग होता आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय आज मुंबईच्या गोरगरिबांचा आधार आहे. अफू विकणारा त्या काळी प्रतिष्ठित नागरिक होता. अफू खाणारा हा ग्राहक होता, आणि ग्राहकाचे नाव घाऊक व्यापाऱ्याच्या वहीत नसते.

मग १८७८ चा पहिला कायदा आला. ताबा, वाहतूक, आयात-निर्यात आणि विक्री परवान्याखाली आली. ठेकेदाराच्या दुकानातून ठरावीक मर्यादेपर्यंत अफू विकत घेण्यास सामान्य माणसाला मोकळीक राहिली. योगायोग असा की त्याच १८७८ पासून लखनौच्या ‘अवध अखबार’मध्ये रतननाथ सरशार यांची ‘फसाना-ए-आझाद’ क्रमशः येऊ लागली. तिच्यातला खोजी हा अफूबाज उर्दू वाचकांचा लाडका झाला. तो बढाईखोर आहे, भित्रा आहे, नशेत बरळतो. वाचक त्याला हसतात, परंतु त्याला घराबाहेर काढावे असे कोणाला वाटत नाही. हिंदीत बाजारगप्पांना ‘चंडूखाने की गप’ म्हणतात, त्यातही टवाळीच आहे. कलंक तेव्हाही होता. तो हसण्याचा होता, भीतीचा नव्हता.

मराठी मुलखातील उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत, म्हणजे मूल दिवसभर झोपून राही. १९२० च्या दशकात डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा या स्त्रियांची जवळजवळ सर्वच तान्ही मुले अफूवर वाढत असल्याचे त्यांना आढळले. या आयांना कोणी गुन्हेगार म्हटले नाही. उपाय म्हणून पाळणाघरे, प्रसूतीची रजा आणि कामाचे तास यांची चर्चा झाली. म्हणजे अफूमागचे कारण शोधून त्या कारणावर बोलण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही होती.

सरकारने स्वतः चौकशी केलीच नाही असे नाही. १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूचा रॉयल कमिशन नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८९५ मध्ये आला. बहुतेक लोक अफू मर्यादेत घेतात, बंदी लादू नये, असा बहुमताचा निष्कर्ष होता. हेन्री विल्सन या सदस्याने भिन्नमत नोंदवले. त्याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, भांग, गांजा आणि चरस यांसाठी वेगळा आयोग बसला. त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, कर आणि परवाना हाच मार्ग योग्य, असे सांगितले. या दोन्ही निष्कर्षांत महसुलाचा स्वार्थ होता, हे राष्ट्रीय चळवळीतील नेत्यांनी वारंवार दाखवले आणि ते खरेच होते. दादाभाईंनी तर अफूच्या व्यापाराला इंग्लंडच्या नावावरचा डाग मानले. तथापि अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या अहवालांची एक बाजू नोंदवावीशी वाटते. सवय लागलेल्या माणसाची मागणी किमतीला सहजी दाद देत नाही. दुकान बंद केले की मागणी चोरबाजाराकडे वळते, हे त्या साक्षींमध्ये स्पष्ट उमटलेले आहे.

दुसरी वही शिध्याची. ती स्वतंत्र भारताने उघडली. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने ठरवले की औषधाव्यतिरिक्त होणारा अफूचा पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी घटवत जाऊन दहा वर्षांत बंद करावा. ३१ मार्च १९५९ ही मुदत होती. परंतु ज्यांचे शरीर अफूवाचून चालत नाही अशांचे काय, हा प्रश्न उरला. त्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी, नाव नोंदवावे आणि ठरावीक मात्रा मिळावी, अशी सोय ठेवण्यात आली. या वहीत अफूबाजाला प्रथमच नाव, वय आणि पत्ता मिळाला. तो दयेचा धनी होता की हक्काचा, हे कोणी स्पष्ट केले नाही. पण सरकारी कागद हाती असल्यामुळे शिपाई त्याला हात लावू शकत नव्हता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना येथे ‘परमिट रूम’ आठवेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपीलाही परवाना दिला. पुढे तो परवाना नावापुरता उरला आणि ‘परमिट रूम’ या पाटीखाली मध्यमवर्ग निर्धास्तपणे बसू लागला. दोन्ही व्यसनेच. एका व्यसनाच्या कागदाने प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याचा कागद हळूहळू नाहीसा झाला. हा फरक कोणत्या पदार्थाने किती अपाय होतो यावरून पडलेला नाही.

तिसरी वही फिर्यादीची. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत सामील झाला. अफूचा अर्धवैद्यकीय वापर पंधरा वर्षांत आणि गांजा-चरसाचा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुभा त्यात होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला. म्हणजे दुसरी मुदत १९८९ मध्ये संपणार होती. दरम्यान १९८० च्या दशकाच्या आरंभी इराण-अफगाणिस्तानातील उलथापालथीबरोबर ब्राऊन शुगर मुंबई-दिल्लीत शिरली होती. ऑगस्ट १९८५ मध्ये लोकसभेत विधेयक आले, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू झाला. १८५७, १८७८ आणि १९३० चे तिन्ही जुने कायदे त्याने रद्द केले.

हा कायदा, ज्याला व्यवहारात एनडीपीएस म्हणतात, व्यापाऱ्यासाठी कठोर असावा यावर दुमत नव्हते. अडचण मूळ रचनेत होती. जवळची मात्रा अल्प असून ती स्वतःच्या सेवनासाठीच होती, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. ते जमले तर सहा महिने किंवा एक वर्ष. न जमले तर किमान दहा वर्षे. ज्याला वकील परवडतो तो सेवनकर्ता ठरे, ज्याला परवडत नाही तो तस्कर ठरे. २००१ च्या दुरुस्तीने अल्प आणि व्यापारी अशा मात्रा ठरवून शिक्षेची श्रेणी लावली. हेरॉइन ५ ग्रॅम, अफू २५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम आणि गांजा एक किलो ही अल्प मात्रेची मर्यादा. परंतु सेवन हा गुन्हा कलम २७ खाली कायम राहिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात असा निर्णय दिला की मिश्रणातील शुद्ध द्रव्य न मोजता संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. रस्त्यावरच्या गर्दुल्ल्याच्या पुडीत भेसळच अधिक असते. तिचेही वजन आता त्याच्या नावावर चढते.

विसंगती पाहावयाची असेल तर लखनौत फार लांब जावे लागत नाही. कायद्याच्या व्याख्येतून भांगेची पाने वगळली आहेत, म्हणून उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने उघडपणे चालतात. त्याच झाडाचा फुलोरा मात्र गांजा ठरतो आणि तुरुंगात नेतो. शेजारच्या बाराबंकी जिल्ह्यात शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्याने खसखस पिकवतात आणि त्या परवान्याला गावात मान असतो.

वर ‘गर्दुल्ला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९८० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यावर जन्मलेला हा शब्द वर्तमानपत्रांनी उचलला आणि घराघरांत नेला. त्यात खोजीसारखा विनोद नाही. तिरस्कार आणि भीती आहे. चोर, रोगी आणि घाणेरडा हे तीन अर्थ त्यात एकत्र आले. याच काळात अनिल अवचट यांनी ‘गर्द’ मधून या मुलांकडे माणूस म्हणून पाहिले आणि त्यांच्या घरांची कहाणी सांगितली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. म्हणजे एनडीपीएस कायदा लागू झाल्यावर वर्षभराच्या आतच मराठी समाजाने एक वेगळी वही उघडली होती. तिच्यात आरोपी नव्हता, ‘मित्र’ होता.

ही चौथी वही, उपचाराची, कायद्यातही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. कलम ७१ सरकारला व्यसनी व्यक्तींसाठी केंद्रे उघडण्याचा, एवढेच नव्हे तर नोंदणी केलेल्यांना औषधिद्रव्य पुरवण्याचाही अधिकार देते. कलम ३९ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा दोष सिद्ध झालेल्या व्यसनी माणसाला न्यायालय त्याच्या संमतीने तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते. कलम ६४अ त्याहून पुढे जाते. असा आरोपी स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेण्यास गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. या तरतुदी कागदावर उत्तम आहेत. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१८ मध्ये पंजाबातील न्यायालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या मार्गाने उपचाराकडे वळवलेला आरोपी त्यांना आढळला नाही.

असे का होते, याचे उत्तर मला काही वर्षांपूर्वी आलमबागेतच मिळाले. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ ओळखीच्या कोणाची चिठ्ठी घेऊन संध्याकाळी घरी आले. मुलगा पुडीसह पकडला गेला होता, जामिनावर सुटला होता. मी त्यांना कलम ६४अ समजावून सांगितले. सरकारी रुग्णालयात नाव नोंदवा, वकिलामार्फत अर्ज द्या, म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहब, इलाज तो करा लेंगे, पर कहीं नाम न चढ़े. बिटिया का रिश्ता चल रहा है.” मुलाला शिक्षा होईल या भीतीपेक्षा रुग्णालयाच्या रजिस्टरात नाव चढेल ही भीती मोठी होती. मी गोपनीयतेचा नियम सांगितला. त्यांनी हात जोडले आणि “देखते हैं” म्हणून निघून गेले. पुढे मुलाला त्यांनी गावाकडे पाठवल्याचे कळले. उपचार झाला की नाही ते समजले नाही.

अर्थशास्त्रात वस्तूच्या किमतीखेरीज ती मिळवण्यासाठी करावा लागणारा खटाटोपही खर्चात धरतात. सरकारी उपचार फुकट असतो. परंतु त्यासाठी द्यावी लागणारी किंमत अब्रूत मोजली जाते, आणि ती गरीब घराला सर्वांत जड जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफू आणि तज्जन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी लोक आहेत, त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे, आणि सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख आहेत. ज्या घरांत ही माणसे आहेत त्या प्रत्येक घरात ‘नाम न चढ़े’ हा हिशेब चालू असणार.

सुदैवाने गेल्या काही वर्षांत कायद्याची भाषा बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित स्थितीही येते. त्यामुळे उपचार मिळण्याचा, माहिती गुप्त राहण्याचा आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क या रुग्णांनाही आहे. कलम ९५ ने साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मुलांना कोंडून मारहाण करणाऱ्या केंद्रांना हे कलम दाखवता येते. त्याच वर्षीच्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संसर्ग टाळण्यासाठी स्वच्छ सुया देणे किंवा पर्यायी औषध देणे हा गुन्हा होऊ शकत नाही असे कलम २२ मध्ये म्हटले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या नजरेखाली, नाव नोंदवून, रोज दिली जाते. १९५९ ची नोंदवही जणू परत आली, पण या वेळी ती आबकारी खात्याच्या टेबलावर नसून दवाखान्यात आहे.

अटकेच्या वेळचे हक्कही सांगणे अगत्याचे आहे. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्यावी अशी मागणी करण्याचा हक्क कलम ५० देते, आणि १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणी घटनापीठाने ठरवले की हा हक्क आरोपीला सांगणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. २०२० च्या तोफान सिंग निकालानुसार एनडीपीएसच्या तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सक्तीची फाशीची तरतूद घटनाबाह्य ठरवली. तो दावा सेवनकर्त्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या महासंघाने लढवला होता. मोफत विधिसेवेसाठी राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने २०१५ मध्ये खास योजना आखली, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हक्कांची भाषा केल्याने व्यसनाला मान्यता मिळते, असे अनेक पालक आणि कित्येक सहकारी म्हणतात. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरत्या मात्रेचे सेवन फौजदारी गुन्ह्यातून काढले. पदार्थ मात्र बेकायदाच ठेवला. तेथे पकडलेला माणूस न्यायालयाऐवजी वैद्यक, समाजकार्य आणि कायदा जाणणाऱ्यांच्या समितीपुढे जातो. आपल्याकडेही असे काही अपरिचित नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम २२ पाहावा. कामावर नशेत असू नये, सार्वजनिक ठिकाणी नशेत वावरू नये, अतिरेक करू नये, असे तो सांगतो. तो वर्तनाला बांध घालतो, माणसाला गुन्हेगार ठरवत नाही. सरकार आपल्या नोकराशी ज्या समंजसपणे वागते, तोच समंजसपणा रस्त्यावरच्या नागरिकाच्या वाट्याला यावा, एवढीच अपेक्षा आहे.

प्रशासनाला यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अल्प मात्रेच्या प्रत्येक प्रकरणात आरोपीला कलम ६४अ त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, त्याची लेखी नोंद व्हावी, आणि उपचाराच्या रजिस्टराची गोपनीयता पाळली जाते हे कुटुंबाला दिसेल अशी व्यवस्था असावी. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मला इतकेच सुचवावयाचे आहे. नात्यातल्या एखाद्या मुलाविषयी असा निरोप आला तर आधी वकील आणि डॉक्टर गाठावेत. त्याला गावी लपवून ठेवण्याची घाई करू नये. त्याच्यासाठी आज कायद्यात जागा आहे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागणारा बहुधा घरचाच असावा लागतो.